पहिला चीक टाकायचा नाही

मैत्रिणींनो, आपल्या आज्यांच्या काळी आईचा पहिला घट्ट, पिवळसर चीक पिळून टाकत आणि बाळाला गूळपाणी चाटवत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपल्या जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बाया आरोग्य सेविका झाल्या. चीक टाकू नका, बाळाला पाजा, हे त्यांनी घरोघर पटवलं.

त्यामागचं एक कारण आज आपल्याला कळलंय. आईच्या दुधातली काही साखर बाळाला पचतच नाही. ती त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचा घास असतो. हे जिवाणू वाढले की रोगजंतूंना थारा कमी मिळतो. म्हणून आपण ठरवू : जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं आणि सहा महिने वरचं पाणी, मध, गुटी काही नाही.