फाळ झिजतो कुठं?

शिरोलीच्या फौंड्रीत नवा पोरगा आला की मालक आधी डिप्लोमा विचारतो. मी पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करणारा; मी विचारतो, ड्रॉइंग वाचून लाकूड तासता येतं का? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा धंदा कशावर उभा राहिला, हे मला या दुसऱ्या प्रश्नातून जास्त कळतं.

ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येईनात, डोळ्यांतच दोष निघाला. रंग सुटले, यांत्रिक ड्रॉइंग मात्र त्यांनी धरून ठेवलं आणि पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं. मुंबईहून सायकली यायच्या आणि बंधू रामूअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. बढती डावलली गेली, तसे लक्ष्मणरावही नोकरी सोडून बेळगावला आले.

आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. मला त्या शेतकऱ्यांचं हसू येत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून द्यायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तुटलं तर लोहाराच्या भात्यावर सांधत नाही. मग शेतकरी काय करणार?

फाळाचं टोक तर आम्हा ओतकामवाल्यांची जुनी डोकेदुखी. मऊ ओतलं तर मुरमाड रानात बोथट, कडक ओतलं तर दगडाला लागून टवका. त्यावर एक तोड आहे. साच्यात टोकापाशी वाळूऐवजी लोखंडी ठोकळा बसवायचा, आम्ही त्याला ‘चिल’ म्हणतो. रस त्याला भिडला की झटकन गोठतो. तेवढाच भाग काचेसारखा कडक, मागचा त्यामानानं मऊ. असं का होतं ते वर्गात शिकता येतं. ठोकळा किती जाड हवा, ते झिजून परत आलेला फाळ हातात घेतल्याशिवाय ठरत नाही. लक्ष्मणरावांचा नांगरही शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकत ऐकतच सुधारला.

पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. संस्थानिकानं पैसे कशाच्या भरवशावर दिले? लक्ष्मणरावांनी औंधात सभामंडपाचं काम केलं होतं, ते बाळासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.