गिरणगांवचें तोंडी दप्तर

इतिहास म्हटला कीं आपल्याकडील अभ्यासकाची दृष्टि प्रथम दप्तराकडे वळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि अस्सल पत्राशिवाय विधान करूं नये ही शिस्त महाराष्ट्रास लावली. तिचे उपकार थोर आहेत. बखरकाराची दंतकथा आणि घडलेली गोष्ट यांतील अंतर आपणांस तिनेंच ओळखावयास शिकविलें. परंतु ज्याच्या घरीं दप्तर होतें त्याचाच इतिहास या मार्गानें सुखानें लिहितां येतो. ज्याची सारी मिळकत एका पत्र्याच्या ट्रंकेंत मावत होती, त्याच्या इतिहासाचीं साधनें कोठें शोधावयाचीं ?

मुंबईच्या गिरणगांवाकडे पाहिलें असतां हा प्रश्न कोरडा राहत नाहीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची गिरणी ताडदेव येथें १८५६ मध्यें सुरू झाली, आणि पुढें परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत भोंग्याच्या आवाजावर उठणारी व निजणारी एक वस्ती उभी राहिली. तींत रत्नागिरीचा कोंकणी होता, साताऱ्याकडील घांटी होता, मदनपुऱ्यांतील उत्तर हिंदुस्थानी मुसलमान विणकर होता, आणि तेलंगणांतून आलेला पद्मशालीहि होता. गिरणीच्या हजेरीपटावर या सर्वांची ओळख नांव, खातें आणि पगार एवढीच. एका गांवचे गडी एकाच खोलींत पाळीपाळीनें कसे निजत, किंवा संपाच्या महिन्यांत खानावळवाली बाई उधारीवर किती दिवस जेवूं घाली, याची नोंद ठेवण्याचें गिरणीस कारणच नव्हतें.

हजेरीपट एक आणखी मोठी गोष्ट सांगत नाहीं. विणाईच्या खात्यांत मजुरी अधिक असे. पण तेथें अस्पृश्य कामगारास प्रवेश नसे. कारण धोट्यांतील नव्या बॉबिनीचा धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांस त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हें गाऱ्हाणें उघडपणें मांडलें, म्हणून तें कागदावर चढलें. जें मांडावयास असा कोणी समर्थ पुरुष मिळाला नाहीं, तें केवळ आठवणींत राहिलें. म्हणूनच गिरणगांवची कहाणी केवळ एकजुटीची म्हणून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. एकाच मोर्च्यांत चाललेल्या चौघांना चार निरनिराळ्या आठवणी असूं शकतात, आणि त्या चारहि ऐकल्यावांचून मोर्चा कळत नाहीं.

यावर शंका निघते कीं वृद्धांच्या स्मरणाचा भरंवसा काय ? शंका रास्त आहे. इटलींतील तेर्नी या पोलादाच्या गांवीं १९४९ सालीं लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीस बळी पडला. पुढें आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनीं तेथील लोकांच्या आठवणी टिपल्या, तेव्हां अनेकांनीं तो मृत्यु १९५३ च्या कामगारकपातीच्या दंगलींत घडल्याचें सांगितलें. तारीख चुकली होती. पण आपला माणूस कशासाठीं मेला असें त्या गांवास वाटत होतें, तें त्या चुकीनेंच उघड केलें. तारखेसाठीं कागद पाहावा. चूक मात्र खोडून टाकूं नये.

आपल्याकडेहि असेंच एक स्थळ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला, हें कागद सांगतो. तो संपला केव्हां ? रीतसर मागें घेतल्याची घोषणा कधींच झाली नाहीं. कोणाच्या घरीं तो पुन्हा कामावर रुजू होतांना संपला, कोणाच्या घरीं गांवची गाडी धरतांना. आणि कांहीं घरांत तो अद्यापि संपलेला नाहीं. या संपाचा शेवट घरोघर जाऊनच लिहावा लागेल.

मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं हें काम मनावर घेतलें, आणि २००४ सालीं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यांत गिरणगांवचीं माणसें स्वतः बोलतात. परंतु एका ग्रंथानें गांव पुरा होत नाहीं. संपाच्या वेळीं ऐन विशींत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. गिरण्यांच्या जागीं मनोरे व बाजार उभे आहेत, आणि हें येथें होतें असें बोटानें दाखविण्यास भिंतहि उरलेली नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं असा वृद्ध किंवा अशी वृद्धा आहे, त्यांनीं विद्वानाची वाट पाहूं नये. त्यांच्याजवळ बसावें, आणि ते बोलतील तें त्यांच्याच मालवणींत, दखनींत वा तेलुगूंत उतरून घ्यावें. शुद्ध करूं नये. कोणी, कोठें व केव्हां सांगितलें याची नोंद खालीं करावी. राजवाड्यांनीं पत्रास जी कसोटी लावली तीच या शब्दांसहि पुढें कोणी लावील. पण लावावयास शब्द तर शिल्लक राहिले पाहिजेत.