सात हिंदुस्तानी (चित्रपट)

सात हिंदुस्तानी : (१९६९). गोवामुक्तीच्या लढ्यावरील कृष्णधवल हिंदी चित्रपट. लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन ख्वाजा अहमद अब्बास यांचे. निर्मितिसंस्था त्यांचीच ‘नया संसार’. गीते कैफी आझमी यांची, संगीत जे. पी. कौशिक यांचे. चित्रीकरण गोव्यात झाले. ७ नोव्हेंबर १९६९ रोजी प्रदर्शित.

युद्धपट म्हटला की जे डोळ्यांपुढे येते ते या चित्रपटात जवळजवळ नाही. फौजा, आघाड्या, जिंकलेली ठाणी यांची ही गोष्ट नव्हे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले सहा तरुण पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोव्यात शिरतात, मारिया ही गोमंतकीय तरुणी त्यांना येऊन मिळते आणि पोर्तुगिजांच्या किल्ल्यांवर, इमारतींवर तिरंगा फडकवणे हे त्यांचे काम असते. ही कथा मागे वळून सांगितली आहे. मुक्तीनंतर काही वर्षांनी मारिया इस्पितळात शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत आहे आणि जुन्या सोबत्यांना भेटण्याची तिची इच्छा आहे. ते सोबती मात्र आता भाषा आणि धर्म यांच्या भांडणांत एकमेकांपासून दूर गेलेले आहेत. ज्यांनी एकत्र मार खाल्ला त्यांना पुन्हा एकत्र आणता येईल का, हा अब्बास यांचा खरा प्रश्न आहे. गोवा ही त्या प्रश्नाची भूमी आहे.

कथा काल्पनिक असली तरी तिच्यासारखे प्रसंग गोव्याच्या उत्तर सीमेवर घडले होते. पेडणे तालुक्यातला तेरेखोलचा किल्ला त्याच नावाच्या नदीच्या उत्तर काठावर आहे. उरलेला गोवा पलीकडे, आणि तिथल्या केरीहून किल्ल्याकडे जायचे ते फेरीबोटीने. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक छोटी तुकडी या किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा चढवला. नंतर त्यांना अटक झाली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशभरातून आलेल्या ३ हजारांहून अधिक सत्याग्रहींनी वेगवेगळ्या ठिकाणांहून सरहद्द ओलांडली. बांद्याकडून पेडण्यात उतरणाऱ्या वाटेवर, पत्रादेवीला, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. झेंडा हाती धरलेल्या मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. त्यांना वाचवायला पुढे सरसावलेला पंजाबच्या इसरू गावचा कर्नेल सिंग तिथेच हुतात्मा झाला. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ यांनीही त्याच दिवशी प्राण दिला. अब्बास यांच्या सात पात्रांची प्रांतवार निवड काहींना कृत्रिम वाटते, पण पत्रादेवीच्या हुतात्म्यांची गावे नकाशावर पाहिली तर तो आक्षेप टिकत नाही. पंजाब, माळवा, महाराष्ट्र अशी माणसे त्या वाटेवर खरोखरच एका रांगेत चालली होती.

गोव्यात लष्कर आले ते त्यानंतर सहा वर्षांनी, आणि त्याची पहिली झळ डिचोली तालुक्याला लागली. १७ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी दोडामार्गालगतचे मावळिंगे भारतीय सैन्याने घेतले. तिथे दोन पोर्तुगीज सैनिक मारले गेले. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वी माघार घेताना पोर्तुगिजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडवले. उत्तरेकडून उतरणाऱ्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर सगत सिंग यांच्याकडे होते. १९ डिसेंबरला संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. या सरळ विजयगाथेवर चित्रपट काढणे सोपे होते आणि सरकारलाही ते आवडले असते. अब्बास यांनी त्याऐवजी १९५४-५५ च्या निःशस्त्र माणसांकडे पाहिले. हा निर्णय त्यांच्या लेखनाशी सुसंगतच होता. ‘धरती के लाल’ (१९४६) मध्ये त्यांनी बंगालच्या दुष्काळातली माणसे दाखवली होती आणि ‘शहर और सपना’ (१९६३) मध्ये मुंबईच्या फुटपाथवरची.

अभिनयाच्या दृष्टीने हा चित्रपट एका धाडसी प्रयोगासाठी लक्षात ठेवायला हवा. अब्बास यांनी पात्रांचे प्रांत मुद्दाम उलटे वाटले. बंगाली रंगभूमीवरचे उत्पल दत्त पंजाबी शेतकरी जोगिंदरनाथ झाले. ‘चेम्मीन’मुळे केरळात घराघरांत पोहोचलेले मधू बंगाली सुबोध सन्याल झाले, हिंदीतली त्यांची ही पहिलीच भूमिका. मूकाभिनेते इर्शाद पंजतन यांना तमिळ महादेवन मिळाला. विनोदी नट आगा यांचा मुलगा जलाल आगा हा मुंबईचा टिपटॉप तरुण. त्याला अब्बास यांनी पोवाडा गाणारा मराठी सखाराम शिंदे केले. मेहमूदचे धाकटे भाऊ अन्वर अली संस्कृतप्रचुर हिंदीचा कैवारी रामभगत शर्मा झाले, तर रांचीच्या उर्दू शायर अन्वर अलीची भूमिका अलाहाबादच्या हिंदी कवीच्या मुलाकडे, अमिताभ बच्चन यांच्याकडे आली. नटाचे नाव अन्वर अली आणि पात्राचेही अन्वर अली, पण माणसे वेगळी: अब्बास यांना जे सांगायचे होते ते या एका अदलाबदलीतच आले. मारियाच्या भूमिकेत शहनाज होत्या.

या सर्वांत कसलेला नट उत्पल दत्त. त्याच वर्षी ‘भुवन शोम’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे ते टोळीच्या मधोमध पाय रोवून उभे असतात आणि इतरांची अवघडलेली वाक्येही त्यांच्या उपस्थितीने तोलली जातात. जलाल आगाचा शाहीर मराठी प्रेक्षकाला जास्त जवळचा. त्याचा मराठी लहेजा शिकलेला आहे हे कानाला कळते, तरी त्यात टिंगल नाही. आपल्या माणसाचे सोंग नव्हे तर मान राखलेले चित्र दिसते.

अमिताभ यांची ही पहिली भूमिका. कलकत्त्याची नोकरी सोडून आलेल्या या उंच, किडकिडीत तरुणाला अब्बास यांनी १५ फेब्रुवारी १९६९ रोजी करारबद्ध केले; मोबदला ५ हजार रुपये. ही भूमिका आधी टिनू आनंद यांच्यासाठी होती, पण ते सत्यजित राय यांच्याकडे साहाय्यक म्हणून गेले. मुलगा हरिवंशराय बच्चन यांचा आहे हे कळल्यावर, वडिलांना कळवल्याशिवाय अब्बास यांनी करारावर सही घेतली नाही. शायराची दाढी लावली ती रंगभूषाकार पंढरी जूकर यांनी, एकेक केस चिकटवून. जूकर यांना दुसऱ्या कामासाठी परतायचे होते आणि दाढी रोज नव्याने लावणे शक्य नव्हते. म्हणून ती निघू नये यासाठी आठवडाभर तोंडच धुतले नाही, तशाच दाढीने झोपलो, अशी आठवण अमिताभ यांनी पुढे अनेकदा सांगितली. पडद्यावर नवखेपणा दिसतोच, हात कुठे ठेवावेत हे त्यांना अजून उमगलेले नाही. पण आवाज खालच्या पट्टीत उतरतो तेव्हा आणि छळाच्या प्रसंगांत भित्र्या माणसाचा निर्धार घट्ट होत जातो तेव्हा बाकीचे मागे पडतात. तो आवाज त्याच वर्षी मृणाल सेन यांनी ‘भुवन शोम’च्या निवेदनासाठी वापरला.

चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि कैफी आझमी यांना गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही.

उणीव आहे ती गोव्याच्याच बाबतीत. सातांपैकी गोव्याची फक्त एक. गोव्याच्या लढ्यातल्या बाया वाट दाखवण्यापुरत्या नव्हत्या: सुधाताई जोशी एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाच्या सभेच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या, तर लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासह १९५५ ते १९६१ गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. मारियाच्या पात्रात यांतले फार थोडे आले आहे. दुसरे असे की, भाषेच्या ज्या भांडणाबद्दल अब्बास तळमळून बोलतात ते गोव्यातही पेटलेले होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘दोन पाने’ या चिन्हाला, म्हणजे केंद्रशासित राहण्याला, १,७२,१९१ मते पडली आणि ‘फूल’, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, याला १,३८,१७०. पेडण्याने फुलाला कौल दिला होता. ज्या तालुक्याच्या वेशीवर देशभरची माणसे पडली, तिथले शेजारी बारा वर्षांनी मराठी की कोंकणी यावरून दोन गटांत विभागले गेले होते. एवढी जिवंत सामग्री चित्रीकरणस्थळाच्या इतकी जवळ असताना ती कथेच्या केंद्राशी आली नाही, याची हळहळ वाटते.

गोव्याच्या भूमीवर नंतरही युद्धाशी संबंधित चित्रपट झाले. मुरगाव बंदरातल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरील १९४३ च्या हल्ल्यावर ‘द सी वुल्व्हज’ (१९८०) आला आणि गोवामुक्तीवर रमेश बहल यांचा ‘पुकार’ (१९८३); त्यात अमिताभ पुन्हा होते, या वेळी मोठे तारे म्हणून. इर्शाद पंजतन जर्मनीत स्थायिक झाले आणि तिथल्या २००१ च्या एका गाजलेल्या विनोदी चित्रपटात आदिवासी टोळीप्रमुख म्हणून दिसले. सहोदराबाई राय १९५७ मध्ये सागर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. पत्रादेवीला, महाराष्ट्रातून गोव्यात शिरणाऱ्या महामार्गालगत, हुतात्मा स्मारक आहे.