तुकोबांच्या आत्मनिवेदनांतील दुःखोपशमाचा क्रम

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा टापू आज कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. संशोधकाच्या दृष्टीनें मात्र त्याची मिरास निराळीच आहे. देहू, भंडारा डोंगर, चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगर व संताजी तेली जगनाडे यांचें सुदुंबरें हीं सर्व स्थळें त्याच परिसरांतलीं. या भूमींतील एका सुपरिचित साधनाकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

काव्य, गायन इत्यादि कलांच्या योगानें व्यथित मनावर उपचार करण्याची पद्धति पाश्चात्य मानसशास्त्रांत गेल्या शतकांत रूढ झाली. जॅक लीडी यांनीं संपादिलेला काव्योपचारावरील ग्रंथ १९६९ सालचा. १९८६ सालीं पेनबेकर व बील या अमेरिकन संशोधकांनीं विद्यार्थ्यांकडून रोज १५ मिनिटें, असे ४ दिवस, स्वतःवरील आघाताविषयीं लिहवून घेतलें. ज्यांनीं घटना व भावना दोन्ही लिहिल्या त्यांस लिहितांना क्लेश झाले. परंतु पुढील कांहीं महिन्यांत वैद्याकडे जाण्याचे प्रसंग त्यांस कमी आले. अशा अनेक प्रयोगांची पुढें एकत्र तपासणी झाली, तेव्हां हा गुण अल्पच ठरला, हेंही सांगितलें पाहिजे.

आदिकवीच्या शोकाचा श्लोक झाला, ही कथा संस्कृतज्ञांस नवी नाहीं. पण तेथें शोक व श्लोक यांत क्षणाचेंही अंतर नाहीं. तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांत हें अंतर मोठें आहे, आणि आमच्या मतें तेंच मोलाचें आहे.

त्या अभंगांतील क्रम असा: आईबाप गेले, इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत द्रव्य व मान गेला; एक पत्नी अन्नावांचून मेली; व्यापार बसला व लाज वाटूं लागली. यावर कवित्व लगेच येत नाहीं. प्रथम येतें तें पडक्या देवळाचें काम. मग एकादशीचें कीर्तन, आणि तेंही आरंभीं मन न लागतां. नंतर संतांचीं वचनें पाठ करणें व पुढें गाणारांच्या मागें ध्रुपद धरणें. पुढें स्वप्नांतील गुरूपदेश, व त्यानंतर कवित्वाची स्फूर्ति. म्हणजे आधीं हातांस काम, मग परक्याचे शब्द, मग चारचौघांचा सूर, आणि शेवटीं स्वतःची वाणी. इतकें होऊनही निषेधाचा आघात आला व वह्या पाण्यांत गेल्या. समाधान झालें तें धरणें धरल्यावर.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, हें निवेदन संतांनीं विचारल्यावरून मागाहून केलेलें आहे. तें खरें, परंतु स्वतःचें प्रारंभींचें औदासीन्य सांगणारा निवेदक केवळ स्वतःची थोरवी सजवीत असावा, असें आम्हांस वाटत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. छापील गाथांतील अभंगांचा अनुक्रम रचनेच्या काळाचा नव्हे. पंडितद्वयांनीं १८६९ सालीं काढलेली आवृत्ति व वि. ल. भावे यांनीं संताजींच्या वह्यांवरून १९१९-२० सालीं छापलेला गाथा यांतील क्रम एक नाहीं. सबब संपूर्ण गाथेस एका मनाची रोजनिशी मानणें अयुक्त होय. आमचें विधान त्या एका अभंगापुरतेंच आहे.

त्यास बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचा आधार मिळतो. कोल्हापुरांत लाडक्या वासराच्या मृत्यूनें ती बालिका निश्चेष्ट पडली. पुढें तुकोबांच्या पदांचा ध्यास, त्यांचें स्वप्नदर्शन, आणि मग स्वतःची रचना, असाच क्रम तिनें सांगितला आहे. येथेंही परक्याची वाणी आधीं, स्वतःची मागून.

तुकोबांस कोणी रुग्ण म्हणावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण दुःखितानें कोणते अभंग कोणत्या क्रमानें म्हटले, हें कळण्याचें साधन भजनकऱ्यांच्या जुन्या वह्यांवांचून दुसरें नाहीं. या टापूंत जुने वाडे पडून इमारती उठत आहेत, आणि माळ्यावरचीं बाडें रद्दींत जाण्याचें भय आहे. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असें बाड हातीं आल्यास ओळखीचे अभंग म्हणून तें टाकूं नये, पानें सुटीं करूं नयेत, आणि अभंगांचा क्रम प्रथम उतरून घ्यावा. पाठ इतरत्र मिळेल. तो क्रम पुन्हां मिळणार नाहीं.