प्रतिस्पर्ध्याला दिलेली ठिणगी

विमानविद्येचा इतिहास म्हटला की राइट बंधू आठवतात, लिंडबर्ग आठवतो. परंतु १९३० सालच्या मे महिन्यात इजिप्तमध्ये घडलेली एक छोटीशी हकीकत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही.

इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान चालवून जो हिंदी माणूस प्रथम पुरा करील, त्याला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. तिघे पुढे सरसावले : रावळपिंडीचे मनमोहन सिंग, २५ वर्षांचे जहांगीर टाटा आणि अवघ्या १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले; बाकीचे दोघे तिकडून इकडे. विमाने एका इंजिनाची, उघड्या बैठकीची. वैमानिकाचा सारा भरवसा नकाशावर, होकायंत्रावर आणि स्वतःच्या डोळ्यांवर.

वाटेत टाटा अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला उतरले. याच अबुकीरच्या उपसागरात १७९८ साली नेल्सनने फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडविला होता. तेथे अस्पी अडकून पडलेला! त्याला इंजिनासाठी स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. वस्तू बोटभर, पण तिने ठिणगी दिली नाही, तर पेट्रोल पेटत नाही आणि विमान जागचे हलत नाही.

टाटांजवळ जादा प्लग होते. त्यांनी ते प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. दोघे आपापल्या दिशांना उडाले. अस्पी कराचीला आधी पोचला. टाटांचे बक्षीस थोडक्यात हुकले. मनमोहन सिंगही पोचले, पण ठरलेली मुदत उलटून गेली होती.

पुढे? मनमोहन सिंगांना १९४२ साली ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात वीरमरण आले. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. त्याच सेवेतून एअर इंडिया उभी राहिली. आणि अस्पी १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. त्या बक्षिसामुळे पोराला हवाई दलाची वाट सुकर झाली, याचा टाटांना पुढे आनंदच वाटे.

आज दिवे लावताना मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. शर्यत हरलेल्या माणसाचेही नाव इतिहासात आदराने घेतले जाते, ते असे.