नापास कोण?

मास्तर म्हणायचे, 'तुमच्या पोरांत डोकंच नाय.' दोस्तांनो, परभणीचा इतिहास काढा. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, हायस्कूल उर्दूतून. गावकुसाबाहेरचं मराठी बोलणारं पोर दारातच नापास. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं. राहायला वसतिगृह मिळालं नि आमची पोरं पदवीपर्यंत पोचली. डोकं तेच होतं की! १९७८ ला नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. जळत्या घरातनं दप्तर कोण काढणार?

आता हायस्कूल जवळ आलंय. पण दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. धाकटी भावंडं सांभाळायला थोरलं पोर संगं. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा फड चालूच असतो. माझा नंबर आला होता, मी नव्हतो. आज जिनिंगमध्ये रात्रपाळीला सरकीच्या पोत्यावर वही ठेवून हे लिहितोय.