खवळलेल्या समुद्रासाठी सर्फ स्की : वेगाआधी स्थैर्य

मुर्री (जि. गोंदिया), प्रतिनिधी - तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात होडी कोणालाही नवी नाही. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा यांसारख्या जलाशयांत ढिवर बांधवांचे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. समुद्र मात्र येथून दूर आहे. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीहून मुंबई गाठायची तर रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. त्यामुळे येथे एखाद्याने सागरी वल्हवणुकीचा छंद जोपासायचे ठरवले, तर त्याचा सराव तलावात होणार आणि परीक्षा समुद्रात. सर्फ स्की निवडताना नेमकी येथेच गफलत होते. शांत पाण्यात स्थिर वाटलेली होडी लाटांमध्ये स्थिर राहीलच असे नाही. उलट, तलावात किंचित डगमगणारी होडी समुद्रात अधिक विश्वासू ठरू शकते. हे कसे घडते, हे समजून घेतल्याशिवाय या महागड्या साधनाची खरेदी करू नये.

सर्फ स्की म्हणजे काय?

सर्फ स्की ही लांब, अरुंद आणि वरून बंद असलेली कयाकसारखी होडी. वल्हवणारा होडीच्या पोटात शिरून बसत नाही, तर वरच्या खोलगट आसनात बसतो. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवली जाते आणि पायांनी दाबायच्या पट्ट्यांनी सुकाणू वळवले जाते. होडी उलटली तरी तिच्यात पाणी भरून ती बुडत नाही. आसनात साचलेले पाणी तळाच्या छिद्रातून निघून जाते आणि पाण्यात पडलेल्या माणसाला पुन्हा वर चढता येते.

या होडीचा उगम ऑस्ट्रेलियात झाला. न्यू साऊथ वेल्समधील पोर्ट मॅक्वारीजवळच्या लेक इनेस या जलाशयात हॅरी व जॅक मॅकलॅरेन या बंधूंनी १९१२ मध्ये कालवांच्या शेतीच्या कामासाठी तिचा वापर केल्याची नोंद आहे. म्हणजे तिचाही प्रवास तलावाकडून समुद्राकडेच झाला. पुढे किनाऱ्यावरील जीवरक्षकांनी ती आपलीशी केली. हवाई बेटांमधील मोलोकाई ते ओआहू ही सुमारे ५२ किलोमीटरची खाडी ओलांडण्याची शर्यत या खेळात सर्वाधिक प्रतिष्ठेची मानली जाते. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर चालुपस्की यांनी ती १२ वेळा जिंकली. आंतरराष्ट्रीय कनू महासंघाने सागरी शर्यतींची पहिली जागतिक स्पर्धा २०१३ मध्ये पोर्तुगालमध्ये घेतली.

स्थैर्य दोन प्रकारचे

होडीच्या स्थैर्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. सपाट पाण्यावर बसताच जाणवणाऱ्या स्थैर्याला प्राथमिक स्थैर्य म्हणतात. रुंद व सपाट तळाच्या होडीत ते भरपूर असते. होडी एका बाजूला कलल्यानंतर ती किती जोराने विरोध करते, यास दुय्यम स्थैर्य म्हणतात. तळ गोलसर आणि बाजू वरच्या दिशेने फाकत जाणाऱ्या होडीत ते अधिक मिळते.

समुद्रात या फरकाला मोठे महत्त्व येते. सपाट तळाची होडी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहू पाहते. पृष्ठभाग आडवा असेल तोवर हे ठीक. मात्र आडवी लाट आली की पृष्ठभागच तिरका होतो आणि होडीही त्याबरोबर कलते. गोलसर तळाची होडी लाटेला खालून सरकू देते आणि वल्हवणारा ताठ राहू शकतो. म्हणूनच तलावाच्या काठावर पाच मिनिटे बसून दिलेला कौल समुद्रासाठी पुरेसा ठरत नाही.

अर्थात याचा अर्थ अरुंद होडी घ्यावी, असा मुळीच नाही. नवशिक्याला दोन्ही प्रकारचे स्थैर्य हवे असते आणि त्यासाठी रुंदी लागतेच.

रुंदीचे गणित

इतर गोष्टी समान असतील, तर रुंदीमुळे मिळणारे स्थैर्य पाण्याच्या रेषेवरील रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४५ सेंटीमीटरऐवजी ४८ सेंटीमीटर रुंदी घेतली, तर हा घटक सुमारे एकपंचमांशाने वाढतो. ५५ सेंटीमीटर घेतली, तर तो सुमारे १.८ पट होतो. कागदावर किरकोळ दिसणारे दोन-तीन सेंटीमीटर पाण्यात फार मोठे ठरतात ते यामुळे. माहितीपत्रकात बहुधा होडीची कमाल रुंदी दिलेली असते. ती पाण्याच्या रेषेच्या वरही असू शकते. म्हणून दोन होड्यांचे आकडे सारखे असले तरी त्यांचे वागणे वेगळे असू शकते.

स्थूलमानाने सर्फ स्कीच्या तीन श्रेणी करता येतात :

- प्राथमिक : लांबी ५ ते ५.५ मीटर, रुंदी ५४ ते ६० सेंटीमीटर. नवशिक्यांसाठी, तसेच खवळलेल्या पाण्याचा सराव नसलेल्यांसाठी.
- मध्यम : लांबी ५.५ ते ६.१ मीटर, रुंदी ४८ ते ५२ सेंटीमीटर. प्राथमिक होडीतून लाटांमध्ये सहज वावरू लागलेल्यांसाठी.
- प्रगत : लांबी ६.१ ते ६.५ मीटर, रुंदी ४३ ते ४६ सेंटीमीटर. अनुभवी स्पर्धकांसाठी.

उदाहरणच द्यायचे तर एपिक या कंपनीची 'व्ही ८' ही प्राथमिक श्रेणीतील होडी सुमारे ५.५ मीटर लांब व ५६ सेंटीमीटर रुंद आहे. त्याच कंपनीची 'व्ही १२' ही स्पर्धेची होडी सुमारे ६.४ मीटर लांब व ४३ सेंटीमीटर रुंद आहे.

अरुंद होडी वेगवान असते, हे खरे. पण हा वेग सलग वल्हवणाऱ्यालाच मिळतो. दर चार-सहा फटक्यांनंतर तोल सावरण्यासाठी वल्हे पाण्यावर टेकवावे लागत असेल, तर वेगाचा लाभ तेथेच संपतो. अशा वल्हवणाऱ्याला रुंद होडी प्रत्यक्षात लवकर किनाऱ्यावर पोहोचवते, आणि कमी थकवून पोहोचवते.

आसनाची उंची आणि माप

होडीच्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा वल्हवणाऱ्याचा असतो आणि त्याचा गुरुत्वमध्य आसनाच्या बराच वर असतो. आसन एक-दोन सेंटीमीटरने खाली आले तरी स्थैर्यात जाणवण्याजोगा फरक पडतो. उंच आसनावर वल्हे मारणे सोपे जाते, पण तोल कठीण होतो. काहीजण आसनात जाड गादी ठेवतात. नवशिक्यांनी ती टाळलेली बरी.

आसनात कंबर घट्ट किंवा फार सैल बसू नये. सैल आसनात शरीर घसरते आणि होडीचा कल वेळेवर कळत नाही. पाय टेकवायची पट्टी आपल्या उंचीनुसार सरकवता यावी आणि गुडघे किंचित वाकलेले राहावेत. उत्पादकाने दिलेली वजनमर्यादाही पाहावी. हलक्या व्यक्तीने मोठ्या घनफळाची होडी घेतली, तर ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत नेतो. वजनदार व्यक्तीने लहान होडी घेतली, तर आसन सतत पाण्याने भरते.

सुकाणू, निचरा आणि बांधणी

लाटेच्या माथ्यावर होडीचे मागचे टोक पाण्याबाहेर येते. म्हणून सागरी सर्फ स्कीचे सुकाणू टोकाला न बसवता तळाखाली, थोडे पुढे बसवलेले असते. खवळलेल्या पाण्यासाठी २० ते २३ सेंटीमीटर खोलीचे सुकाणू सोयीचे पडते. तलावात मात्र पाणवनस्पती अशा सुकाण्यात अडकतात. त्यामुळे दोन्हीकडे होडी वापरणाऱ्याने मागे सरकत्या धारेचे, वनस्पती निसटू देणारे वेगळे सुकाणू जवळ ठेवावे.

आसनातील निचऱ्याचे छिद्र होडी पुढे जात असतानाच नीट काम करते. भरलेल्या आसनातील हिंदकळणारे पाणी तोल बिघडवते. त्यामुळे निचरा किती वेळात होतो, हे चाचणीत पाहावे.

प्लास्टिकच्या होड्या २० किलोच्या पुढे असतात. त्या आपटल्या तरी सहसा फुटत नाहीत. काचतंतूच्या होड्या त्यांहून हलक्या, तर कार्बनच्या १० ते १३ किलोपर्यंत असतात. हलकी होडी उचलायला सोपी, पण खडकाळ किनाऱ्यावर नाजूक. पहिल्या होडीसाठी वजनापेक्षा टिकाऊपणा पाहणे शहाणपणाचे.

कोकणचा समुद्र

अरुंद होडीला स्थिर कसे करायचे, हा प्रश्न कोकणातील दर्यावर्दींनी पूर्वीच सोडवला आहे. तेथील पारंपरिक होडीला एका बाजूला दांड्यांच्या आधाराने लाकडी ओंडका जोडलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी त्या बाजूला कलली की ओंडक्याचे तरंगणे आड येते. दुसऱ्या बाजूला कलली की त्याचे वजन. सर्फ स्कीला उलांडी नसते. ते काम वल्हवणाऱ्याचे वल्हे व त्याची कंबर करते. म्हणून होडीइतकीच सरावाचीही निवड करावी लागते.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसते, पण वारा नवशिक्याला नकळत आत नेतो. मार्च ते मे या काळात दुपारी वायव्येकडून जोरदार वारे सुटतात आणि पाणी खवळते. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये. १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारी बंदीचा काळ असल्याने मदतीला येऊ शकणारी नौकाही सहसा जवळ नसते. निघण्यापूर्वी हवामान खाते आणि हैदराबाद येथील 'इन्कॉइस' या केंद्राचे लाटांचे अंदाज पाहावेत. भरती-ओहोटीच्या वेळाही माहीत असाव्यात.

खरेदीपूर्वीची चाचणी

शक्य असल्यास होडी आधी चालवून पाहावी आणि वारा असलेल्या दिवशीच पाहावी. पुढील प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत :

- लाटेला आडवे उभे राहून, वल्हे मांडीवर ठेवून अर्धा मिनिट बसता येते का?
- मान वळवून मागची लाट पाहता येते का?
- तासभर वल्हवून थकल्यानंतरही तोल टिकतो का?
- मुद्दाम पाण्यात पडल्यावर सलग पाच वेळा पुन्हा वर चढता येते का?

यातील शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची. चढताना वल्हे हातातून सुटू देऊ नये. पलीकडच्या काठाला धरून, पाय मारत पोट आसनावर आडवे घ्यावे, मग वळून बसावे व दोन्ही पाय बाहेर सोडून तोल साधावा. एकदा चढता येणे पुरेसे नाही. समुद्रात माणूस एकदाच पडत नाही.

पाय आणि होडी यांना जोडणारी दोरी सदैव बांधावी. रिकामी होडी वाऱ्याने इतक्या वेगाने वाहून जाते की चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. जीवरक्षक जॅकेट, शिट्टी, जलरोधक पिशवीत मोबाईल आणि भडक रंगाचे कपडे यांत तडजोड नको. एकट्याने जाऊ नये आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून ठेवावी.

ही खबरदारी तलावात आणि नदीतही तितकीच लागू आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांना, तर जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत सहा महिलांना प्राण गमवावे लागले. समुद्र दूर असला तरी पाण्याचा धोका विदर्भाला नवा नाही.

सरावासाठी जिल्ह्यातील जलाशय उत्तम आहेत. मात्र होडी उतरवण्यापूर्वी वन किंवा पाटबंधारे खात्याची परवानगी घ्यावी आणि मच्छीमारांच्या जाळ्यांपासून दूर राहावे. प्राथमिक श्रेणीच्या होडीत एक पूर्ण हंगाम काढावा. वाऱ्याच्या दिवशीही ती संथ वाटू लागली, तरच अधिक अरुंद होडीचा विचार करावा.